सम तारखेच्या मातोश्री

“सर, आज कुणाच्या आईचा दिवस आहे?” सुगंधानं विचारलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. फेब्रुवारीची अठरा. सम तारीख.

“भागूबाईंचा.”

“मग चालू आहेत का त्या?”

“नाहीत. सकाळपासून बंद आहेत.”

“आणि दुसऱ्या?”

“त्यांचा दिवस उद्या.”

सुगंधानं मान डोलावली आणि जिन्याखालच्या प्लास्टिकच्या स्टुलावर पर्स मांडीत घेऊन बसली. दवाखान्यात बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला बसायला मिळालं की तो आधी बसून घेतो, बाकीचं मग बघतो.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल आम्ही वृद्धाश्रम चालवत होतो.

आमची संस्था म्हणजे उत्कर्षोदय शिक्षण प्रसारक मंडळ, वाघेरी. दोन हायस्कुलं, एक सीनियर कॉलेज, एक नर्सिंग कॉलेज आणि असंख्य फलक. मी सीनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. ज्याला कॉम्प्युटर शिकवता येतो त्याला पंखा, पाण्याची मोटार आणि अध्यक्षांच्या नातवाचा मोबाइलही दुरुस्त करता येतो, अशी संस्थेची धारणा होती. त्याच धारणेतून संस्थेची वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. आमचे अध्यक्ष तात्यासाहेब रणवरे एका भाषणात म्हणून गेले होते, “आपला डेटा आपल्या छताखाली राहिला पाहिजे!” टाळ्या पडल्या. टाळ्या पडलेलं वाक्य आमच्याकडे ठराव समजलं जाई. त्यामुळे जगातल्या शहाण्या माणसांच्या वेबसाइट कुठल्यातरी मोठ्या थंडगार इमारतीत नांदत असताना आमची मुख्य इमारतीच्या जिन्याखाली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याएवढ्या एका सर्व्हरवर नांदत होती. तिथं अध्यक्षांचे फोटो होते, कार्याध्यक्षांचे फोटो होते, आणि खरोखर कामाचं म्हणावं असं एकच पान होतं. त्यावर आमच्या नर्सिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलीचा नोंदणी क्रमांक टाकला की तिचं नाव, फोटो आणि ‘प्रमाणपत्र खरे आहे’ असं दिसायचं.

इंटरनेटची लाइन आठवड्यातून दोनदा मरायची. म्हणून मी एक पानभर प्रस्ताव दिला. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन लाइन घ्याव्यात. एक मुख्य, एक राखीव. मध्ये एक छोटं यंत्र बसवावं. पहिली लाइन पडली की ते आपोआप दुसरी घेईल. दोन्ही लाइनींचे पत्ते जगाला आधीच देऊन ठेवता येतात. येणाऱ्याला एका दारी कुणी भेटलं नाही तर तो दुसऱ्या दारी जातो. इतकं साधं.

तात्यासाहेब म्हणाले, एक लाइन मी आईच्या स्मरणार्थ देतो. हे ऐकून कार्याध्यक्ष भाऊसाहेब खराडे, जे त्यांच्याशी व्यासपीठाखेरीज कुठंही बोलत नसत, म्हणाले, दुसरी मी माझ्या आईच्या स्मरणार्थ देतो. लाइनी यायच्या आधी संगमरवरी पाट्या आल्या. ‘मातोश्री कै. गंगूबाई रणवरे इंटरनेट वाहिनी.’ ‘मातोश्री कै. भागूबाई खराडे इंटरनेट वाहिनी.’ दोन्ही पाट्या सारख्या मापाच्या आहेत ना, हे दोन्ही बाजूंच्या माणसांनी टेप लावून पाहिलं.

मग बैठकीत भाऊसाहेबांनी माझा प्रस्ताव वाचला. बहुधा पहिल्यांदाच.

“उपळेकर सर, हे राखीव म्हणजे काय?”

“पहिली बंद पडली तर वापरायची, ती.”

“आणि पहिली कुणाची?”

“कुणाचीही चालेल, साहेब.”

“माझी आई राखीव?” भाऊसाहेबांचा आवाज चढला.

“मग काय माझी?” तात्यासाहेबांनी पिकदाणी जवळ ओढली.

दोन तास चर्चा झाली. ‘पर्यायी’ शब्द सुचवला गेला, पडला. ‘सहायक’ पडला. ‘भगिनी वाहिनी’ असा शब्द मराठीच्या विभागप्रमुखांनी काढला, तेव्हा त्यांच्याकडे दोघांनी असं पाहिलं की ते निवृत्त होईपर्यंत बैठकीत बोलले नाहीत. शेवटी ठराव झाला. विषम तारखेला गंगूबाई, सम तारखेला भागूबाई. मधलं यंत्र काढून टाकावं, कारण कोण पुढं आणि कोण मागं हे यंत्रानं ठरवणं संस्थेच्या परंपरेत बसत नाही.

हेडक्लार्क लिगाडे हा फार बारकाईचा माणूस. तो म्हणाला, “पण साहेब, एकतीस विषम आणि एक तारीखही विषम. म्हणजे गंगूबाईंना लागोपाठ दोन दिवस येतात.”

भाऊसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. तेव्हा असं ठरलं की एकतीस तारखेला सर्व्हर बंद ठेवावा. लीप वर्षाचा विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.

जिन्याखाली सागवानी कपाट आलं. दोन लाइनींचे दोन डबे आणि सर्व्हर असं सगळं त्यात, आणि कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली रणवरेंकडे, एक खराडेंकडे. रोज सकाळी लिगाडे दोन्ही घरी जाऊन किल्ल्या आणायचा, सर्व्हरची वायर एका डब्यातून काढून दुसऱ्यात खुपसायचा, कुलपं लावायचा आणि किल्ल्या परत पोचवायचा. कपाटावरच्या दोन्ही पाट्यांना रोज झेंडूचे हार चढत. जुने काढायचे कुणी, हे मात्र ठरावात नव्हतं. त्यामुळे खालचे हार कुजत. त्यांचं काळं पाणी फळीवरून ओघळून मागे झिरपे आणि जिन्याखाली उतरताना ओल्या फडक्यासारखा वास नाकात शिरे. उद्घाटनाचा पेढाही कुणीतरी आत ठेवला होता. मुंग्या एका मातोश्रींच्या डब्यातून शिरून दुसऱ्या मातोश्रींच्या डब्यातून बाहेर पडत. संस्थेच्या दोन्ही गटांत मुक्तपणे वावरणारं तेवढंच एक शिष्टमंडळ होतं.

आता सुगंधा. सुगंधा डवरी, आमच्याच नर्सिंग कॉलेजची. मी त्या मुलींना आठवड्यातून एक तास कॉम्प्युटर शिकवायचो. कॉम्प्युटर तीन आणि मुली चाळीस, म्हणजे मुख्यतः रांगेत उभं राहायला शिकवायचो. ती सांगलीच्या एका खासगी इस्पितळात अतिदक्षता विभागात काम करत होती. नवरा ट्रकवर गेला होता तो परत आला नव्हता. मेला नव्हता, नुसता आला नव्हता. मुलगी सातवीत. मस्कतच्या एका इस्पितळात तिची निवड झाली होती. परीक्षा झाली, मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी झाली. शेवटची पायरी एवढीच की तिथला अधिकारी व्हिडिओ कॉलवर तिच्यासमोर आमची वेबसाइट उघडणार, तिचा क्रमांक टाकणार आणि नाव दिसलं की शिक्का मारणार. कागद तो मानत नव्हता. आपल्याकडच्या कागदांविषयी त्या देशाला अनुभव असावा.

पहिला कॉल एकतीस जानेवारीला झाला होता.

“पान उघडत नाही म्हणाला,” सुगंधानं मला तेव्हा फोनवर सांगितलं होतं. “मी म्हटलं, सर्व्हरला सुट्टी आहे. तो म्हणाला, सर्व्हरला सुट्टी नसते. मी काय सांगू त्याला, सर? आमच्याकडं असते?”

त्यानं एक संधी आणखी दिली होती. अठरा फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा. आज पान दिसलं नाही तर फाइल बंद. पुढची भरती पुढच्या वर्षी, आणि वयाची अट पस्तीसची. मार्चमध्ये तिला पस्तीस पूर्ण होत होती. म्हणून रात्रपाळी करून, सकाळची एसटी पकडून ती स्वतः आली होती. आपलं नाव दिसतंय की नाही हे दारात उभं राहून बघायला.

आणि भागूबाई बंद होत्या.

“मोबाइलचं नेट जोडा की, सर.”

“त्यावरून आपल्याला बाहेर जाता येतं. बाहेरच्याला आत येता येत नाही.”

“म्हणजे संस्थेच्या उलटं,” ती म्हणाली. “इथं आत येता येतं, बाहेर पडता येत नाही. चला, किल्ली मागू.”

किल्लीवाले दोघंही सुदैवानं एकाच खोलीत होते. तात्यासाहेबांना पंचाहत्तर पूर्ण होत होती आणि त्यांच्या सत्कार समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब होते. आमच्याकडे वैरी सत्कार समितीचा अध्यक्ष असणं शुभ समजत. गच्चीवरून चार मजली उंचीचा फ्लेक्स सोडला होता, त्यात तात्यासाहेब आकाशाकडे बोट दाखवत होते. प्रत्यक्षातले तात्यासाहेब पानाचा तोबरा गालात ठेवून खुर्चीत होते. समोर भाऊसाहेब काडीनं दात कोरत होते. काडीच्या टोकाला काय आलं ते बघायचे आणि परत तोंडात घालायचे.

मी सगळं सांगितलं.

“आमची लाइन बंद पडत नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “तुमचा सर्व्हर तपासा.”

“सर्व्हर चालू आहे, साहेब. फक्त पाच मिनिटांसाठी गंगूबाईंच्या डब्यात वायर घालायची. हिचा कॉल झाला की परत.”

तात्यासाहेबांचे डोळे लुकलुकले. त्यांनी पिकदाणीत सावकाश पिचकारी टाकली. थोडी चुकली. ती त्यांनी बोटानं टिपली आणि बोट खुर्चीच्या गादीला पुसलं.

“घाला की. आमची ना नाही. फक्त भाऊसाहेबांनी चार माणसांत म्हणावं, की आमची आई बंद पडली म्हणून तुमच्या आईला उठवावं लागलं.”

“मेलो तरी म्हणणार नाही.”

“मग बसा मुलीचं नुकसान करून.”

“नुकसान मी करतोय? तुमची नियत मला ठाऊक आहे, तात्यासाहेब. आज पाच मिनिटं म्हणाल, उद्या सम तारीखच खाऊन टाकाल.”

सुगंधा इतका वेळ दारात उभी होती. ती पुढं आली. “साहेब, मी दोघांच्याही पाया पडते. कुणाच्या आधी पडायचं तेवढं सांगा, म्हणजे त्यावरनं वेळ जायला नको.”

लिगाडे खोकला. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहू लागलो. तात्यासाहेब हसले, कारण टोमणा त्यांच्या मते नेहमी दुसऱ्यालाच असतो.

“तोंडाची तिखट आहेस हो. थांब, बघतो.” त्यांनी मोबाइल काढला, पुतण्याला फोन लावला. लाइन त्यांच्या पुतण्याच्या केबलच्या धंद्यातून आली होती. भाऊसाहेबांची त्यांच्या जावयाच्या. “अरे, आपली चालू आहे ना? बघून सांग.” मग ते ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचा गाल हलायचा थांबला. “बरं,” ते म्हणाले. “बरं, बरं.” फोन ठेवला आणि त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी दातातली काडी बाहेर काढली.

“मला वाटतं,” तात्यासाहेब एकदम मऊ आवाजात म्हणाले, “भाऊसाहेब म्हणतात ते बरोबर आहे. ठराव तो ठराव. आज सम तारीख आहे. आपण नियम मोडायला नको.”

“तेच म्हणतोय मी,” भाऊसाहेब म्हणाले. “दुपारपर्यंत होईल सुरू.”

अठरा वर्षं मी त्या संस्थेत होतो. त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, अंत्ययात्रेच्या मार्गावरसुद्धा नाही. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. का, ते तेव्हा कळलं नाही.

बाहेर आल्यावर सुगंधानं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

“कपाट फोडलं तर काय होईल, सर?”

“फोडायची गरज नाही,” मी म्हणालो.

कपाटाला पुढून दोन दणकट कुलपं होती. ती किती दणकट असावीत यावर दोन्ही गटांनी अर्धा दिवस घातला होता. दाराच्या बिजागऱ्या मात्र सुतारानं बाहेरून बसवल्या होत्या, आणि त्यांचे स्क्रू माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं रोज दोघांची माणसं कुलपं ओढून पाहत. बिजागरीकडे कुणी पाहिलं नाही, कारण तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

मी खिशातला पेचकस काढला. चौथ्या स्क्रूपर्यंत जिन्याखाली गर्दी झाली. रणवरे गटाचे शिक्षक उजवीकडे, खराडे गटाचे डावीकडे. सवयीनं उभे राहिले.

“आता बघा,” उजवीकडून कुणीतरी म्हणालं. “गंगूबाईंचा दिवा हिरवा असणार. इतकी वर्षं सांगतोय.”

“भागूबाईंचाही हिरवाच असेल. सर्व्हरमध्ये घोळ आहे.”

“पैज?”

“चहाची.”

दार कुलपांसकट एका बाजूला आलं. कुजक्या हारांचा भपकारा आला. डाव्या बाजूच्या एका बाईंनी पदर नाकाला लावला, मग उजव्या बाजूच्या बाईंनीही. दोन्ही डब्यांवर दिवे होते. दोन्ही लाल.

मग लिगाडे हळूच म्हणाला, “दोन्ही मातोश्री?”

दोन कंपन्या. एक पुतण्या, एक जावई. दोन वायरी भिंतीतून निघून खिडकीतून वर गच्चीकडे गेल्या होत्या. एकाच वेळी दोन्ही कशा जातील? मी जिना चढू लागलो. सुगंधा माझ्या मागे आली. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तोच खालून आवाज आला.

“उपळेकर सर! अहो, तुम्ही कशाला उन्हात? आपण माणूस पाठवू!”

कठड्यावरून पाहिलं तर तात्यासाहेब जिना चढत होते. त्यांच्या गुडघ्यांसाठी संस्थेनं तळमजल्यावर बैठकीची खोली हलवली होती. त्यांच्या मागे, त्यांच्या कमरेला हातानं आधार देत, भाऊसाहेब चढत होते. खाली पट्टेवाल्याला कुणालाच वर न सोडण्याची ताकीद देऊन ते निघाले होते. ताकीद दोघांनी मिळून दिली होती.

गच्चीवर ऊन रणरणत होतं. खिडकीतून आलेल्या दोन वायरी, एक पांढरी, एक निळी, भिंतीच्या कडेनं एकमेकींपासून हातभर अंतर राखून पाण्याच्या टाकीपर्यंत गेल्या होत्या. टाकीच्या मागे, जिथं कुणी जात नाही, तिथं एक करडा प्लास्टिकचा डबा बांधला होता. दोन्ही वायरी त्याच्यात शिरत होत्या. डब्याच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायला एकच भोक होतं. त्यातून एक काळी तार निघून रस्त्यावरच्या खांबाकडे जायची. सध्या ती भोकातून निसटून लोंबत होती, कारण तात्यासाहेबांच्या फ्लेक्सची दोरी कुणीतरी त्या डब्यालाच आवळली होती.

मी तिथं उभा राहिलो. कंपन्या वरती कुठंतरी दोन असतील. गावात येणारी तार एक होती. पुतण्या आणि जावई भागीदार होते.

मागून धापांचे आवाज आले.

“पाहिलंत ना?” तात्यासाहेब टाकीला टेकले. “हं. पोरांनी खर्च वाचवायला केलंय. पोरं आहेत.”

“ही तार आत खुपसली की दोन्ही सुरू होतील,” मी म्हणालो. “सेकंदाचं काम आहे.”

“तेच नको,” भाऊसाहेब म्हणाले.

“काय?”

“अहो सर, खाली शंभर माणसं त्या दिव्यांकडे बघत उभी आहेत. तुम्हीच कपाट उघडून ठेवलंत. दोन्ही दिवे एकदम हिरवे झाले तर काय समजायचं लोकांनी? पुढच्या महिन्यात संस्थेची निवडणूक आहे. आमची माणसं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत आमच्यापायी.” ते हे तक्रार म्हणून नाही, मालमत्ता सांगावी तसं म्हणाले.

“दुपारी कर्मचारी जेवायला गेले की जोडू,” तात्यासाहेब म्हणाले. “आधी त्यांच्या आईची, तासाभरानं माझ्या आईची. व्यवस्थित.”

“नाही, आधी तुमच्या आईची राहू द्या,” भाऊसाहेब म्हणाले. “तुमचं पंचाहत्तरीचं वर्ष आहे.”

“साडेअकराला हिचा कॉल आहे,” मी म्हणालो.

“मुलीचं आम्ही बघू की. आपल्याच दवाखान्यात लावू. काय गं, वाघेरी काय वाईट आहे? पोरगीपण जवळ राहील. बाईमाणसानं इतक्या लांब जाऊन करायचंय काय?” तात्यासाहेबांनी तोंडातला ऐवज गच्चीच्या कोपऱ्यात थुंकला आणि मनगटानं ओठ पुसले. “सर, तुम्ही समजूतदार आहात. हे चौघांतच राहू द्या.”

चौघांत. मी बघितलं तर आम्ही तिघंच उभे होतो. सुगंधा टाकीच्या मागे उकिडवी बसली होती. तिनं दोरीची गाठ दातानं सोडवली, लोंबती तार उचलली, टोकावरची धूळ ओढणीनं पुसली.

“सर, हे असं सरळ घालायचं? की फिरवून?”

“सरळ,” मी म्हणालो.

“अगं ए—”

भाऊसाहेब पुढं झाले. त्यांना टाकीच्या मागे शिरता येईना. पोट आडवं आलं. टक् असा बारीक आवाज झाला. सलाइनची नळी बसल्यावर नर्स जशी एकदा ओढून बघते, तशी तिनं तार ओढून पाहिली. फ्लेक्सची दोरी सुटल्यामुळे कठड्यापलीकडचे प्रचंड तात्यासाहेब एका बाजूनं सावकाश दुमडले.

मग जिन्यातून गलका वर आला. तात्यासाहेबांनी डोळे मिटले. भाऊसाहेबांनी त्यांचा हात धरला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांना घाबरलेलं पाहिलं, आणि कबूल करतो, मला ते फार गोड वाटलं.

ते फार टिकलं नाही. खालून येत होत्या त्या टाळ्या होत्या.

आम्ही उतरलो तेव्हा दोन्ही दिवे हिरवे होते आणि लिगाडे नारळ फोडत होता. “एकाच क्षणी, साहेब!” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “या डोळ्यांनी पाहिलं! तुम्ही दोघं मिळून वर गेलात, आणि दोन्ही मातोश्री एकाच क्षणी!” उजवीकडचे शिक्षक डावीकडच्या शिक्षकांना मिठ्या मारत होते. ज्यांनी चहाची पैज लावली होती ते दोघंही जिंकल्याचं सांगत होते. दोन दिवे एकदम का लागले, हा प्रश्न एकाही माणसाला पडला नाही. आणि त्यात विज्ञान शाखेचे चार प्राध्यापक होते. तात्यासाहेबांनी एक डोळा उघडला, परिस्थिती पाहिली आणि दुसरा उघडला. मग त्यांनी भाऊसाहेबांच्या खांद्यावर हात टाकला.

“बोलण्यासारखं काही नाही,” ते बोलू लागले. “आईच्या पुढं कसले गट?”

कोपऱ्यात, स्टुलावर, सुगंधाचा कॉल चालू होता. एका कानात बोट घालून ती इंग्रजीत आपला क्रमांक सांगत होती, एकेक आकडा, सावकाश. पलीकडचा माणूस काहीतरी टाइप करत होता. टाळ्यांमुळे तिला त्याचं बोलणं ऐकू येईना, म्हणून ती नुसतं त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहून एकदाच मान हलवली.

मला दुसऱ्या दिवशी विनापरवानगी बिजागरी काढल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिच्यावर अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष दोघांच्या सह्या होत्या. ती नोटीस म्हणजे ऐक्याचा पहिला दस्तऐवज असल्याचं लिगाडेनं मला अभिमानानं सांगितलं. संस्था मी वर्षभरात सोडली. त्याआधी, पुढच्याच महिन्यातल्या निवडणुकीत दोन्ही गट पुन्हा लढले, आणि त्यात दोन शिक्षकांची डोकी फुटली.

पण त्या दिवशीचं राहिलं. सुगंधा एसटीला निघाली तेव्हा तिला दोघांनी अडवलं.

“अशी कशी जाशील? संस्थेची लेक परदेशी चालली.” शाल आली. गावच्या वार्ताहराला बोलावलं गेलं. तिला मध्ये उभं केलं. एका बाजूनं भाऊसाहेबांनी तिच्या हातात नारळ दिला आणि फोटो निघेपर्यंत तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या बाजूनं तात्यासाहेबांनी पानानं लाल झालेला तळवा तिच्या डोक्यावर ठेवला, मग गालावर थोपटला.

“संस्थेला विसरू नकोस हो.”

“नाही विसरणार,” ती म्हणाली.

फोटो निघाला. तिनं शाल घडी करून लिगाडेच्या हातात दिली, त्यावर नारळ ठेवला आणि व्हरांड्याच्या टोकाला मुलांच्या नळापाशी गेली. सगळे बघत होते; सगळ्यांना वाटलं पाणी पिणार. तिनं बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, पर्समधून साबणाची छोटी बाटली काढली आणि हात धुवायला घेतले. आधी तळवे, मग मागची बाजू, मग बोटांच्या बेचक्या, एकेक अंगठा, नखं, मनगटं, पार कोपरापर्यंत. अतिदक्षता विभागात शिरताना धुतात तसे, घाई न करता. मग गाल धुतला. वार्ताहरानं कॅमेरा खाली घेतला. तात्यासाहेब हसत उभे होते, पण हसू कुठं ठेवावं ते त्यांना कळेना.

तिनं कोपरानं नळ बंद केला, ओले हात कशालाही न लावता समोर धरले आणि तशीच फाटकाबाहेर गेली.